खत कंपन्यांची दिल्लीतली संघटना नेमकं काय करते? (एका दुकानदाराचा धागा)

मोहोळचा_दुकानदार

परवा दुकानात एक गंमत झाली. आता गंमत म्हणतोय, तेव्हा घाम फुटला होता. सीना नदीच्या पुरात जमीन खरवडून गेलेले एक काका रब्बीच्या तयारीला आले होते. मागितल्या सहा गोण्या डीएपी, मी देऊ शकलो दोन. काकांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. त्यात खत कंपन्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या कुठल्याशा परिषदेचा फोटो. कोट-टाय घातलेली माणसं, मागं मोठा पडदा. म्हणाले, "ही तुमचीच माणसं ना? मग लाव की फोन."

काउंटरवर अकरा माणसं उभी. सगळी हसली. मीही हसलो. पण रात्री हिशेब लिहिताना वाटलं, काकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. तीस वर्षं या धंद्यात आहे आणि ती संघटना काय करते हे मला तरी कुठं धड सांगता आलं असतं? म्हणून जुन्या फायली काढल्या, दोन-चार जाणत्या माणसांना फोन केले. जे कळलं ते लिहितोय. चुकलं तर सांगा.

आधी एक गैरसमज काढतो. ती संघटना आमची, म्हणजे दुकानदारांची नव्हे. फर्टिलायझर असोसिएशन ऑफ इंडिया, १९५५ साली स्थापन झालेली, मुख्य कार्यालय दिल्लीत, पश्चिम विभागाचं मुंबईत. सभासद म्हणजे खत बनवणाऱ्या कंपन्या: सरकारी, सहकारी, खासगी तिन्ही. शिवाय आयातदार, यंत्रसामग्रीवाले, संशोधन संस्था. आम्हा दुकानदारांची राज्यातली संघटना वेगळी, माफदा. तिचं आणि दिल्लीवाल्यांचं पुष्कळदा वाजतं. त्यावर नंतर येतो.

दिल्लीवाली संघटना तीन कामं करते. आकडे गोळा करते, माणसं शिकवते आणि सरकारशी बोलते. आकड्यांचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कुठल्या राज्यात कुठलं खत किती खपलं, किती बनलं, किती बाहेरून आलं, याची जाडजूड वार्षिक पुस्तकं ती कित्येक दशकं काढतेय. कोणी खतांवर लेख लिहितो तेव्हा निम्मे आकडे तिथूनच उचललेले असतात. दर डिसेंबरला मोठं चर्चासत्र भरतं, काकांनी दाखवलेला फोटो बहुधा तसल्याच कशाचा तरी होता.

आता सरकारशी बोलण्याचं काम. इथंच सगळी गोम आहे. काकांना युरियाची ४५ किलोची गोणी मी २६६ रुपये ५० पैशांना देतो. २०१२ नंतर तिचा मूळ भाव हललेला नाही. गोणीचा खरा खर्च सरकारच दोन हजारांच्या वर सांगतं. म्हणजे कंपनीला शंभरातले दहा-पंधरा रुपये शेतकऱ्याकडून मिळतात, बाकीचे दिल्लीतून. मग कंपनीचं खरं गिऱ्हाईक कोण? काका नव्हेत, मीही नव्हे. गिऱ्हाईक सरकार. दुकान जिथं गिऱ्हाईक तिथं टाकतात, तशी संघटना दिल्लीत बसली आहे. तिनं सोलापूरकडं पाहावं ही अपेक्षाच आपण चुकीच्या दारात घेऊन उभे आहोत, असं माझं मत झालंय.

सरकारकडून येणारे पैसे कसे येतात तेही पाहा. पूर्वी माल जिल्ह्यात पोचला की अनुदानाचा मोठा हिस्सा कंपनीला मिळायचा. २०१८ पासून मी ई-पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा घेऊन गोणी विकली, की मग कंपनीचं बिल सुरू होतं. गोणी माझ्या गोदामात चार महिने पडली तर कंपनीचे पैसे चार महिने अडकले. शिवाय सरकारच्या अर्थसंकल्पात तरतूद कमी पडली की थकबाकी. ती इतकी साचत गेली की नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राला एका झटक्यात ६५ हजार कोटींची जादा तरतूद करावी लागली. तोपर्यंत कंपन्या बँकेचं व्याज भरत बसल्या. संघटनेची वर्षानुवर्षांची रड हीच होती आणि या बाबतीत मी तिच्या बाजूनं आहे. माझीच उधारी सहा महिने थकली तर मी गप्प बसेन का?

पण माझ्या काउंटरवरची रड तिच्या यादीत आहे का? मला शंका आहे. तुम्हाला काय वाटतं?

कडकभाकरी

मालक, लेख चांगला लिहिलात, पण मुद्द्याचं बोललाच नाही. लिंकिंग! म्हंजे हव्या खतासोबत नको ते गळ्यात मारणं. १०:२६:२६ हे संयुक्त खत मागायला गेलं की सोबत बादली. कसली? तर म्हणं जमीन सुधारते. लेबल वाचायला जावं तर अक्षरं मुंगीएवढी. गेल्या वर्षी चार गोण्यांमागं एक डबा गळ्यात मारला, तो अजून गोठ्यात आहे, वर मांजर बसतंय.

तुमच्या संघटनेनं यावर कधी तोंड उघडलं? का तिकडं निस्ती चहापाणी-चर्चासत्रं?

मोहोळचा_दुकानदार

@कडकभाकरी, "तुमच्या संघटनेनं" म्हणू नका हो, वर एवढं लिहिलंय.

लिंकिंगबद्दल खरं सांगतो, लाज वाटली तरी. मीही दिलंय. नाही दिलं असं सांगणारा दुकानदार एक तर देव आहे नाही तर थापाड्या. ते वरून येतं. कंपनीचा माणूस म्हणतो, एवढे टन संयुक्त खत पाहिजे तर एवढ्याचं विद्राव्य, एवढ्याचं द्रवरूप उचला. लेखी काही नाही, फोनवर. बिल मात्र दोन वेगळी. तक्रार करावी तर खताच्या पुढच्या रेकमध्ये, म्हणजे मालगाडीत, माझं नाव नाही. नाव कुठल्या कंपनीचं ते विचारू नका, धंदा करायचाय.

सरकार हंगामाच्या तोंडावर लिंकिंगविरुद्ध परिपत्रक काढतं. माफदावाले बोलत आले आहेत, निवेदनं, बंदचे इशारे, सगळं झालंय. माझ्या मागच्या फळीवर अशा डब्यांचा ढीग आहे, मुदत संपायला आलेला. त्यात माझे पैसे अडकलेत. तुमच्या गोठ्यात एक, माझ्याकडं एकशे ऐंशी.

निवृत्त_अमोनिया

धागा वाचून राहवलं नाही. मी ३१ वर्षं किनाऱ्यावरच्या एका खत कारखान्यात काढली, आता जुळे सोलापुरात नातवाला सांभाळतो. डिसेंबरच्या त्या चर्चासत्रांना चार-पाच वेळा गेलोय. जेवण उत्तम असतं हे कबूल करून टाकतो.

दुकानदारांनी लिहिलेलं "गिऱ्हाईक सरकार" हे शंभर टक्के बरोबर आहे, फक्त त्याचा इतिहास सांगावासा वाटतो. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकल्यावर मराठे समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून नोव्हेंबर १९७७ मध्ये नत्र (नायट्रोजन) खतांना 'धारण किंमत' पद्धत लागू झाली. प्रत्येक कारखान्याचा खर्च वेगळा मोजायचा, त्यावर करोत्तर १२ टक्के परतावा धरायचा, आणि शेतकऱ्याची किंमत व हा आकडा यांतला फरक सरकारनं भरायचा. त्या पद्धतीनं देशात कारखाने उभे राहिले हे नाकारता येणार नाही. १९५१ साली सिंद्रीला सार्वजनिक क्षेत्रातला पहिला मोठा कारखाना सुरू झाला होता. तिथून आज युरियाचं वार्षिक उत्पादन तीनशे लाख टनांवर गेलंय. पण त्या पद्धतीतच सवय लागली: कारखान्याचा हिशेबनीस शेताकडं बघेना, मंत्रालयाकडं बघायला लागला.

१९९२ च्या ऑगस्टमध्ये स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) नियंत्रणमुक्त केले, युरिया मात्र धरून ठेवला. सगळ्या गोंधळाचं मूळ माझ्या मते तिथं आहे. २०१० मध्ये अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आलं, त्यातूनही युरिया बाहेर. म्हणजे डीएपी आणि पोटॅशला जगाचा बाजार, युरियाला दिल्लीचा भाव. मग शेतकऱ्यानं स्वस्त ते टाकलं यात त्याचं काय चुकलं? देशाचं नत्र-स्फुरद-पालाश प्रमाण ४:२:१ असावं असं आम्ही घोकत आलो. २०२३-२४ मध्ये ते १०.९ : ४.४ : १ होतं. ही आकडेवारी संघटना स्वतःच मांडते आणि युरियाही अन्नद्रव्य-अनुदानात घ्या असं सांगते. कोण ऐकतो? युरियाचा भाव पाच रुपयांनी वाढवायचा म्हटलं तर कुठल्याही पक्षाच्या सरकारला धडकी भरते.

आणि एक. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं कंपन्यांची संघटना म्हणजे एकमुखी टोळी. तसं अजिबात नाही. आत सरकारी कारखाना आहे, सहकारी आहे, खासगी आहे. कोणाचा कारखाना जुना, कोणाचा कोरा. कोणी फॉस्फोरिक आम्ल आणून इथं खत बनवतो, कोणी तयार डीएपीचं जहाजच उतरवतो. पहिल्याला तयार मालाच्या आयातीवर जकात हवी, दुसऱ्याला नको. नैसर्गिक वायूच्या बाबतीत तेच. २०१५ ला सगळ्यांच्या वायूची एकत्रित सरासरी किंमत धरली, तेव्हा कोणाचा फायदा झाला, कोणाच्या कपाळाला आठ्या. अशा सगळ्यांचं मिळून एक निवेदन करायचं म्हणजे त्यातली तिखट वाक्यं आधीच गळून पडतात. राहतं ते "सरकारने सहानुभूतीने विचार करावा".

बार्शीलाईट

काका, हे सगळं वाचून मला एकच कळलं: अनुदानच बंद करा. पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात टाका, बाजारभावानं खत घेऊ दे. गॅसचं झालं तसं. संघटनेलाही मग सोलापूरचा पत्ता शोधावा लागेल.

निवृत्त_अमोनिया

@बार्शीलाईट, गॅस सिलिंडर दर घराला एक लागतो. खत कोणाला किती, हे कसं ठरवणार? सातबाऱ्यावर? मग वाट्यानं जमीन करणाऱ्याचं काय? त्याच्या नावावर काहीच नसतं आणि खत तोच टाकतो. शिवाय लागणीच्या वेळी गोणीला दोन हजार आधी भरा, अनुदान नंतर येईल, हे ज्यांच्याकडं बियाण्याचे पैसे नाहीत त्यांना सांगून बघा.

संघटनेतले बरेच जण तुमच्याच मताचे आहेत, हेही सांगतो. त्यांचा त्रास एकदम मिटेल.

शेंगाचटणी

मी अक्कलकोट तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीचं कृषी केंद्र सांभाळते. आम्ही सगळ्या बायकाच आहोत. तुम्ही दिल्लीचं बोलताय, मी मशीनचं बोलते.

ई-पॉसवर अंगठा. खुरपणी, काढणी, शेंगा फोडणं करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, त्या बायकांचे अंगठे मशीन घेत नाही. पाच वेळा पुसून, ओला करून, तेल लावून. मग दुसरं बोट, मग तिसरं. मागं रांग. शेवटी घरातल्या पोराला बोलवायचं. आमच्याकडं एक आजी आहेत, त्या म्हणतात, "एवढा अंगठा मी बँकेत पण लावला न्हाई." वीज गेली, रेंज गेली, सर्व्हर बसला, की आमचा अर्धा दिवस गेला. एकदा मशीनमध्ये साठा दिसत होता ४० गोण्या आणि गोदामात २२. पथक आलं असतं तर गुन्हा माझ्यावर. काय झालं होतं? गर्दीत १८ गोण्या "उद्या अंगठा लावते" म्हणून दिलेल्या. चूक माझी, मान्य आहे. पण पेरणीच्या दिवशी ओल जाते हो, ओल अंगठ्यासाठी थांबत नाही.

संघटना माणसं शिकवते असं लिहिलंय, तर हे मशीन बनवणाऱ्यांना पण एक दिवस आमच्या काउंटरवर बसवा.

मोहोळचा_दुकानदार

ताई, अगदी माझ्या मनातलं. युरियावर आम्हाला मिळतं किती ते वाचकांना माहीत नसेल: टनाला ३५४ रुपये. गोणीला सोळाही पुरते नाहीत. त्यात हमाली, वाराई, मशीनवरचा माणूस. माल दुकानापर्यंत पोच द्यायचा असं कागदावर असतं, प्रत्यक्षात रेकवरून उचला म्हणतात आणि भाडं आमच्या बोडक्यावर. मग दुकानदार दहा-वीस जादा घेतो आणि पकडला जातो. जादा घेणं चूकच. पण हिशेब मांडून बघा.

आणखी एक दुखणं नमुन्याचं. गोणी कंपनीनं भरली, कंपनीनं शिवली, मी शिवण उसवलीसुद्धा नाही. निरीक्षकानं नमुना नेला आणि तो अप्रमाणित निघाला. पहिली नोटीस कोणाला? ज्याच्या दुकानात सापडला त्याला. खत नियंत्रण आदेश १९८५ चा, त्याच्या मागं १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा. परवाना निलंबित झाला की हंगाम गेला. माझ्याकडं ओ फॉर्म (माल कुठून आला त्याचा दाखला) असतो, बिल असतं, सगळं दाखवून सुटलो एकदा, पण तेव्हा सात महिने चपला झिजवल्या. पावसाळ्यात युरियात ओलावा एक टक्क्यावर गेला तरी नापास. आमच्या गोदामाला पत्रा आहे, काच नाही.

डाळिंबवेडा

सांगोल्याकडून नमस्कार. तुमचं युरिया-डीएपीचं रडगाणं चालू द्या, आम्हा फळबागवाल्यांना कोणी विचारतच नाही. आमचं सगळं ठिबकवर, पाण्यात विरघळणारी खतं. १२:६१:०, ०:५२:३४, १३:०:४५, ०:०:५०, कॅल्शियम नायट्रेट. यातलं बरंच चीनमधून यायचं. २०२५ च्या उन्हाळ्यात तिकडून विशेष खतांची जहाजं थांबली आणि हस्त बहाराच्या तोंडावर आमची धांदल. ०:५२:३४ ची बॅग शोधत मी पंढरपूर, अकलूज, थेट इंदापूरपर्यंत फिरलो. चीननं फॉस्फेटवरचा हात २०२१ पासूनच आखडता घेतलाय, तरी चार वर्षांत आपण काय केलं?

या बाबतीत उद्योगाला दोष द्यायचा का सरकारला, मला ठरवता येत नाही. देशात पालाशाची खाण नाही, सगळं पोटॅश बाहेरून. रॉक फॉस्फेट देशात थोडंच निघतं, बहुतेक मोरोक्को, जॉर्डन, इजिप्तकडून. पण विद्राव्य खतं बनवणं म्हणजे काही रॉकेट नव्हे. उद्योगानं सोपं ते केलं, जहाज मागवलं, पिशवी बदलली, विकलं.

निवृत्त_अमोनिया

@डाळिंबवेडा, "पिशवी बदलली" हे झोंबलं, पण खोटं नाही.

थोडी बाजू मांडतो. शुद्ध विद्राव्य खताला तांत्रिक प्रतीचं फॉस्फोरिक आम्ल लागतं, त्याचे कारखाने आपल्याकडं मोजके. भांडवल घालायचं तर हमी कोण देणार, उद्या चीननं पुन्हा दार उघडलं आणि निम्म्या भावात माल ओतला तर? डीएपीपुरतं तरी सरकारनं आता लांबचे करार सुरू केलेत, २०२५ मध्ये सौदीच्या मादेन कंपनीशी आपल्या कंपन्यांचा वर्षाला ३१ लाख टनांचा, पाच वर्षांचा करार झाला. २०२४ च्या रब्बीत लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळं जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येत होती. तेव्हा मोहोळच्या काउंटरवर ज्या शिव्या पडल्या, त्यांचं एक टोक येमेनमध्ये होतं.

हो, आणि करांचं. तयार खतावर जीएसटी ५ टक्के आणि त्याच्या कच्च्या मालावर, म्हणजे अमोनिया आणि गंधकाच्या आम्लावर १८ टक्के, हे उलटं गणित २०१७ पासून चाललं होतं. कंपन्यांचे पैसे परताव्यात अडकायचे. संघटनेनं हा विषय दर अर्थसंकल्पाआधी मांडला. सप्टेंबर २०२५ मध्ये १८ चे ५ झाले. आठ वर्षं! पण झालं. अशा कामाचा फोटो कोणी काढत नाही.

नागफणी

मी वाचतोय नुसता. हुरड्याचं कधी करायचं ते सांगा.

चुनखड

कृषी पदवीधर, सध्या उत्तर सोलापुरात घरची शेती. धागा चांगला चाललाय, पण खत कुठं जातंय याकडं कोणाचंच लक्ष नाही. आपली माती बघा. भारी काळी, सामू (पीएच) आठच्या वर, फोडली की चुनखडीचे खडे. अशा जमिनीत टाकलेल्या स्फुरदाला चुना धरून बसतो, पिकाला थोडाच मिळतो. उसावर केवडा येतो, पानं पिवळी पडतात, म्हणून पाच जण पाच औषधं सांगतात, मूळ दुखणं लोहाचं, आणि तेही जमिनीत लोह नाही म्हणून नव्हे, चुन्यामुळं मिळत नाही म्हणून. असल्या मातीवर युरिया फोकून दिला आणि पाणी दिलं नाही, तर त्यातला बराचसा अमोनिया होऊन उडतो. नाकाला वास येतो तोच आपला पैसा.

डीएपीसाठी रांगा लावणाऱ्या मंडळींना एक साधं गणित. डीएपीच्या ५० किलोत नत्र ९ किलो, स्फुरद २३ किलो. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्यांत स्फुरद २४ किलो. नत्रासाठी अर्धी गोणी युरिया जोडा. झालं की डीएपी. वर सुपर फॉस्फेटमधून गंधक फुकट, ११ टक्के. शेंगदाणा, हरभरा, करडई यांना गंधक लागतंच. कृषी खातं हे कंठशोष करून सांगतं. पण तीन गोण्या वाहायच्या, फोडायच्या, मिसळायच्या म्हणून आपण एकाच गोणीसाठी भांडतो.

आणि मला संघटनेचा राग येतो तो इथं. कुठल्या जिल्ह्यात काय खपलं हे ज्यांना टनाटनांत ठाऊक आहे, त्यांनी सोलापूरच्या चुनखडीच्या जमिनीला काय द्यावं हे सोलापूरच्या भाषेत सांगायला काय हरकत होती? प्रयोग होतात, लेख छापतात, पण इंग्रजीत आणि जाणकारांसाठी. शेतकऱ्यापर्यंत पोचतो तो कंपनीचा विक्री प्रतिनिधी, आणि त्याच्या बॅगेत बादलीचं पत्रक.

मोहोळचा_दुकानदार

@चुनखड, हे गणित फलकावर लिहून दुकानाबाहेर लावतोय, तुमची परवानगी गृहीत धरली आहे.

मात्र एक सांगतो, सुपर फॉस्फेटवर शेतकऱ्याचा विश्वास नाही. नमुने नापास होण्यात तेच पुढं असतं असा आमचा अनुभव. पावडर असली तर तो म्हणतो राख आहे.

उजनीकाठ

नॅनो युरियावर कोणीच बोलत नाही? एका बाटलीत एक गोणी! वाहतूक वाचली, अनुदान वाचलं, आयात वाचली. मी गव्हावर मारलं, हिरवंगार झालं.

चुनखड

@उजनीकाठ, भांडण नको, हिशेब करू. २०२१ ला आलेल्या ५०० मिलीच्या बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. युरियाच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. हजारपट फरक. आता नवी बाटली २० टक्क्यांची आहे, तरी शंभर ग्रॅम. फवारल्यावर पान हिरवं होतं हे खरं, पण दाण्यातली प्रथिनं हिरवेपणातून येत नाहीत. पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगात भात-गव्हाचं उत्पादन घटलेलं दिसलं. पूरक म्हणून मारा, गोणी बंद करून नको.

कडकभाकरी

आन् ती बाटली पण लिंकिंगलाच येतीय की. युरिया पाहिजे तर बाटली घ्या. म्हंजे गोणी वाचवायला काढलेली बाटली गोणीबरोबरच. काय बोलूलालाव मालक, डोकं फिरतंय.

बार्शीलाईट

आजचा सर्वोत्तम प्रतिसाद. 😀

मोहोळचा_दुकानदार

तीन दिवस आलो नाही, रेक लागला होता. एका रेकमध्ये सव्वीसशे टनांच्या आसपास माल. जिल्ह्यात वाटला की प्रत्येक दुकानाच्या वाट्याला किती येतो ते समजून घ्या. मला १२ टन मिळाला. रात्री अडीचला ट्रक लागला, हमाल मिळेनात, मुलगा आणि मी दोघांनी मिळून उतरवला. पाठ गेली.

तुमचे प्रतिसाद वाचून माझं मत थोडं सरकलंय. मी लिहिलं होतं की आपण चुकीच्या दारात उभे आहोत. निवृत्त काकांचं ऐकून वाटतं, दार चुकीचं नाही, आपण एकेकटे उभे आहोत. कंपन्यांनी जीएसटीसाठी आठ वर्षं तेच तेच पत्र लिहिलं, आकडे जोडून. आम्ही दुकानदार लिंकिंगविरुद्ध चार दिवस ओरडतो, पाचव्या दिवशी रेक लागला की गप. आमच्याकडं आकडा काय आहे? माझ्या फळीवरचे एकशे ऐंशी डबे हा आकडा आहे, पण तो कुठल्याच पुस्तकात नाही. म्हणून मी वहीत लिहायला सुरुवात केलीय: तारीख, कुठलं खत मागितलं, सोबत काय उचलायला लावलं, किती रुपयांचं. कंपनीचं नावसुद्धा. मोहोळ, माढा, पंढरपूरचे सात-आठ दुकानदार तयार झालेत. शेंगाचटणी ताई, तुम्ही अंगठ्याचं लिहाल का? किती जणींचा लागला नाही, किती वेळ गेला. वर्षभर लिहू, मग माफदामार्फत दिल्लीला आणि मंत्रालयाला दोन्हीकडं देऊ. काय होईल ते होईल.

शेंगाचटणी

लिहिते. काल सहा जणींचा नाही लागला. वेळ पण मांडते.

निवृत्त_अमोनिया

वही झाली की मला दाखवा. तक्ता कसा मांडायचा हे ३१ वर्षं शिकलोय, त्याचा काही उपयोग होऊ दे. डिसेंबरच्या चर्चासत्राला अजून ओळखीचे दोघे-तिघे जातात, त्यांच्या हातात ठेवता येईल. जेवणाच्या आधी.

नागफणी

हुरडा?

कडकभाकरी

हुरडा जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेआधी. या सगळे माझ्याकडं.

मालक, रेक लागला म्हणताय तर १०:२६:२६ आलंय का?

मोहोळचा_दुकानदार

आलंय. चार गोण्या ठेवतो.

कडकभाकरी

सोबत?

मोहोळचा_दुकानदार

काही नाही. आधार आणा, मागच्या वेळी तुमचा अंगठा लागला नव्हता. सकाळी साडेसहाला या, नंतर गर्दी होते.